एसईओ, सीटीआर, आरओएएस : ऑनलाइन जाहिरातीची पट्टी कशी वाचायची?

सातारा : कास, बामणोली, तापोळा, भिलार या पट्ट्यात शेतातल्या घरात राहण्याची सोय करणारे, तंबू लावणारे, घरगुती जेवण देणारे आता गावोगाव आहेत. कुणी मध विकतो, कुणी स्ट्रॉबेरीचा जॅम, कुणी हळद आणि गूळ. आणि या सगळ्यांना अधूनमधून एक फोन येतो. "सर, तुमचा बिझनेस गुगलवर एक नंबरला आणून देतो. एसईओ, एसएमएम, पीपीसी, सगळं एकाच पॅकेजमध्ये." दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते, महिनाअखेर व्हॉट्सॲपवर एक रिपोर्ट येतो, त्यात इंग्रजी अक्षरांची रांग असते आणि बहुतेक आकडे वर गेलेले दिसतात. खोल्या मात्र रिकाम्याच.

अक्षरांना घाबरायचं खरं तर कारण नाही. ज्या शेतकऱ्याला एफआरपी, एमएसपी, डीएपी आणि एनपीके पाठ आहे, त्याला ही अक्षरं जड जाऊ नयेत. मार्केट यार्डातून मालाची पट्टी आली की आपण ती वरून वाचत नाही. आधी खाली बघतो, हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात किती आले. ऑनलाइन जाहिरातीचा रिपोर्ट ही तशीच एक पट्टी आहे. फरक एवढाच की ही पट्टी पाठवणारा बऱ्याच वेळा खालची ओळ लिहितच नाही.

विहीर आणि टँकर

सगळ्यात जास्त कानावर पडणारी अक्षरं एसईओ. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. म्हणजे कुणी गुगलवर 'कासजवळ घरगुती जेवण' असं शोधलं, तर पैसे न भरता आपलं नाव वरच्या बाजूला दिसावं यासाठी वेबसाइट आणि माहिती नीट करणं. शोधल्यावर जे पान उघडतं त्याला एसईआरपी म्हणतात, सर्च इंजिन रिझल्ट्स पेज. मार्केटिंगवाली पोरं त्याचा उच्चार 'सर्प' असा करतात, त्याचा सापाशी काही संबंध नाही.

त्याच पानावर काही ठिकाणी 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. ती जाहिरात. तिथं दिसायला पैसे लागतात आणि त्या पद्धतीला पीपीसी म्हणतात, पे पर क्लिक, जेवढ्या वेळा लोक दाबतील तेवढ्याचे पैसे. गुगलने ही जाहिरात सेवा २००० साली ॲडवर्ड्स या नावाने सुरू केली, २०१८ मध्ये तिचं नाव गुगल ॲड्स झालं. पैसे देऊन शोधात दिसायच्या या प्रकाराला एसईएम, सर्च इंजिन मार्केटिंग, असंही म्हणतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं काम ते एसएमएम, सोशल मीडिया मार्केटिंग.

एसईओ म्हणजे विहीर खोदणं. वेळ लागतो, पाणी किती लागेल याची खात्री कुणी देत नाही, पण लागलं तर काही काळ पुरतं. पीपीसी म्हणजे टँकर. पैसे दिले की दारात पाणी, पैसे थांबले की टाकी कोरडी. दोन्हीची गरज पडू शकते. पण टँकरच्या पाण्याचे पैसे घेऊन 'विहिरीला पाणी लागलं' असं कुणी सांगत असेल तर ते ओळखता आलं पाहिजे. आपलं नाव वर दिसतंय असा स्क्रीनशॉट आला, की त्यावर 'प्रायोजित' लिहिलंय का ते आधी बघावं.

पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याबद्दल तर गुगलनेच स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय, की अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. आणि एसईओच्या कामाचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही त्यातच आहे. 'पंधरा दिवसांत एक नंबर' म्हणणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

लिलावातली अक्षरं

गुगलची जाहिरात लिलावावर चालते. कुणी काहीतरी शोधलं की त्या क्षणाला त्या शब्दांसाठी बोली लागते. बाजार समितीसारखाच लिलाव, पण सगळ्यात मोठी बोली लावणारा प्रत्येक वेळी जिंकतोच असं नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही धरलं जातं. 'महाबळेश्वर हॉटेल' या शब्दांवर मोठ्या कंपन्याही बोली लावतात, तिथं छोट्या माणसाने उतरलं की खिसा लवकर रिकामा होतो. 'बामणोलीजवळ शेतात मुक्काम' असे लांब आणि नेमके शब्द धरले तर स्पर्धा कमी असते.

आता रिपोर्टमधली अक्षरं एका हिशोबात बघू. समजा, जावळी तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्राने महिन्याला १०,००० रुपयांची जाहिरात केली.

जाहिरात ५०,००० वेळा लोकांच्या मोबाइलवर दिसली. याला इंप्रेशन म्हणतात. हजार वेळा दिसायला किती खर्च आला ते सीपीएम, इथं २०० रुपये. सीपीएममधला एम मिलियनचा नाही, लॅटिन भाषेतल्या 'मिले' म्हणजे हजाराचा आहे. बोलताना कुणी लाखाचा हिशोब सांगायला लागला तर थांबवावं. आणखी एक, ५०,००० वेळा दिसली म्हणजे ५०,००० माणसांनी बघितली असं नाही. एकाच माणसाला ती दहा वेळाही दिसलेली असते.

त्यातल्या १,००० वेळा कुणीतरी ती दाबली. शंभरात दोन. हा सीटीआर, क्लिक थ्रू रेट, २ टक्के. एका दाबण्याचा खर्च १० रुपये, तो सीपीसी, कॉस्ट पर क्लिक. इथपर्यंत रिपोर्ट भारी दिसतो. "दादा, सीटीआर एकदम मस्त चाललाय," असं एजन्सीचा पोरगा सांगतो तो इथलाच आकडा. पण सीटीआर म्हणजे दुकानात डोकावलेली माणसं. पिशवी भरून बाहेर पडलेली नव्हेत. पुण्या-मुंबईच्या माणसाऐवजी जाहिरात चार राज्यं सोडून पलीकडे दिसत असेल, तरी दाबणारे दाबतातच.

त्या हजारातून ४० फोन आणि मेसेज आले. अशा चौकशीला लीड म्हणतात. एका चौकशीचा खर्च २५० रुपये, सीपीएल. चाळीसातले ८ बुकिंग झाले. एका बुकिंगमागे जाहिरातीचा खर्च १,२५० रुपये, तो सीपीए, कॉस्ट पर ॲक्विझिशन, म्हणजे एक गिऱ्हाईक मिळवायचा खर्च. एक बुकिंग सरासरी ४,००० रुपयांचं धरलं तर ३२,००० रुपयांचा धंदा झाला.

आता आरओएएस. जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली तो आकडा. ३२,००० भागिले १०,०००, म्हणजे ३.२. एजन्सी लिहिते, 'एका रुपयाचे तीन रुपये वीस पैसे झाले.' वाचायला फार गोड वाटतं. ही पट्टीच्या वरच्या ओळीतली रक्कम आहे.

खालची ओळ अशी. आठ बुकिंगचं जेवण, दूध, गॅस, चादरी धुणं, कामाला येणाऱ्या बायांची हजेरी, सगळं मिळून बुकिंगमागे २,२०० रुपये धरले तर १७,६०० गेले. उरले १४,४००. त्यातून जाहिरातीचे १०,०००, त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,८०० आणि एजन्सीची फी समजा ५,०००. एकूण १६,८००. म्हणजे २,४०० रुपये खिशातून गेले. मार्केटिंगवर घातलेल्या पैशाच्या मानाने उणे १४ टक्के. हा झाला आरओआय, रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट. आरओएएस ३.२ आणि धंदा तोट्यात, दोन्ही एकाच वेळी खरं. घरातल्यांनी केलेल्या कामाची मजुरी तर यात धरलेलीच नाही, ती तशी शेतीतही कोण धरतो म्हणा.

म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न सीटीआरचा नको, सीपीएचा हवा. एका बुकिंगमागे किती गेले आणि एका बुकिंगमागे आपल्याला किती उरतात. वरच्या उदाहरणात उरतात १,८०० आणि जीएसटी, फी धरून जातात २,१००. एवढ्या दोन आकड्यांवर चालू ठेवायचं की बंद करायचं ते कळतं. अर्थात तेच पाहुणे पुढच्या वर्षी परत आले तर दुसऱ्यांदा जाहिरातीचा खर्च नाही. एक गिऱ्हाईक सगळ्या वर्षांत मिळून किती देतं त्याला एलटीव्ही, लाइफटाइम व्हॅल्यू म्हणतात. ज्याच्याकडे जुने पाहुणे फिरून येतात त्याला पहिल्या वेळचा तोटा परवडू शकतो. मात्र पाहुण्यांची वही ठेवली असेल तरच हे सांगता येतं, अंदाजाने नाही.

नाव तेच, अर्थ वेगळा

काही अक्षरं आपल्याकडे आधीच दुसऱ्या अर्थाने रुळलेली आहेत, त्यामुळे घोळ होतो. डीए म्हटलं की मास्तरांना महागाई भत्ता आठवतो. इथं डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, वेबसाइटला दिलेले शंभरपैकी गुण. हे गुण मॉझ नावाची एक खासगी कंपनी देते, गुगल नाही. गुगल आपला क्रम लावताना ते वापरत नाही. 'डीए वाढवून देतो' म्हणून वेगळे पैसे मागितले तर कशाचे पैसे देतोय ते समजून द्यावेत.

आरटीओ म्हणजे गाडीचं पासिंग नव्हे. कुरिअरच्या धंद्यात ते रिटर्न टू ओरिजिन, गिऱ्हाइकाने न घेतल्यामुळे परत आलेलं पार्सल. मध, गूळ, हळद विकणाऱ्यांसाठी ही तीन अक्षरं बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. सीओडी, म्हणजे माल मिळाल्यावर पैसे, ठेवलं की ऑर्डरी वाढतात. पण दारात कुरिअरवाला आल्यावर 'नको' म्हणणारेही असतात, आणि जायचं भाडं व परतीचं भाडं दोन्ही सहसा विकणाऱ्याच्या माथी बसतं. काचेची बरणी फुटली तर मधही गेला. जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये ती ऑर्डर 'झाली' म्हणूनच मोजलेली असते. त्यामुळे मालाच्या धंद्यात आरओएएस वाचायच्या आधी परत आलेली पार्सलं वजा करावीत.

फुकटातलं काम

गुगल मॅपवर आपलं ठिकाण, फोन, फोटो आणि वेळ दिसते ती नोंद म्हणजे जीबीपी, गुगल बिझनेस प्रोफाइल. २०२१ पर्यंत तिचं नाव गुगल माय बिझनेस होतं. ही नोंद फुकट आहे आणि मॅपवर राहण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. 'गुगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमचं नाव मॅपवरून निघेल' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं.

इथंच नॅप नावाचं एक साधं काम आहे. नेम, ॲड्रेस, फोन. रस्त्यावरच्या बोर्डावर, मॅपवर, फेसबुकवर आणि व्हिजिटिंग कार्डवर नाव-पत्ता-नंबर एकसारखा असणं. बोर्डावर आजोबांचं नाव, मॅपवर 'फार्म स्टे', फेसबुकवर बंद पडलेला जुना नंबर, असं असेल तर गुगललाही कळत नाही आणि पाहुण्यालाही. एका दुपारीचं हे काम आहे, त्याला पॅकेज लागत नाही.

गिऱ्हाईक कुठून येतं हे कळायला यूटीएम असतं. लिंकच्या शेवटी जी लांबलचक शेपटी दिसते ती. अर्चिन ही कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली, तिच्याच 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल'ची ही अक्षरं. ज्यांच्याकडे वेबसाइट नाही त्यांनी फोन उचलल्यावर "आमचा नंबर कुठं मिळाला?" एवढं विचारून वहीत लिहिलं तरी तेच काम होतं.

खरी अडचण बऱ्याच वेळा अक्षरांत नसून मालकीत असते. वेबसाइटचं नाव एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलेलं, मॅपच्या नोंदीचा मालक एजन्सीचा ईमेल, जाहिरातीचं खातंही त्यांचंच. पटेनासं झालं की सगळं त्यांच्याकडे राहतं. त्यात लोकांनी दिलेले अभिप्रायही आले. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून त्या रानात कुणी विहीर खोदत नाही. पैसे देण्याआधी डोमेन, मॅपची नोंद आणि जाहिरातीचं खातं आपल्या ईमेलवर घ्यावं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. गुगल सर्च कन्सोल हे फुकट साधन वेबसाइटला जोडून घेतलं तर किती वेळा दिसलो, किती जणांनी दाबलं, कोणते शब्द टाकून लोक आले हे मालकाला स्वतःच बघता येतं. रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

अलीकडे जीईओ आणि एईओ ही दोन नवी अक्षरं फिरायला लागली आहेत. २०२४ पासून गुगल भारतातही काही शोधांना वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं, त्या उत्तरात आपलं नाव यावं म्हणून करायची ही खटपट. त्याचं वेगळं पॅकेज घेण्याची घाई छोट्या व्यावसायिकाला नाही. रस्ता कसा आहे, एसटी कुठपर्यंत येते, जेवणाचं ताट कितीला, पावसात गाडी दारापर्यंत जाते का, हे आपल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असलं तर निम्मं काम झालेलं असतं.

कासचा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. एसईओचे किमान चार महिने उलटे मोजले तर त्या हंगामाचं पान एप्रिलअखेर लिहून झालेलं हवं. डिसेंबरनंतरच्या स्ट्रॉबेरीसाठी जुलै-ऑगस्ट, म्हणजे रोपांच्या तयारीच्याच सुमाराला.