विमानावरचे कापड आणि सरकारी निरीक्षक

तीस वर्षे आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत. लुंगी, चादर, अस्तर सारे विकले. पण विमानालाही कापड चढवतात हे आम्हाला फार उशिरा कळले. आमचे एक आप्त अमेरिकेत छोट्या विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतात. सुटीवर आले असता त्यांनी सांगितलेली हकिकत आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाची आहे, म्हणून येथे देत आहोत.

पायपर कबसारख्या जुन्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणून बसवलेले सुती कापड. या ‘ग्रेड ए’ कापडात इंचाला ताण्यात आणि बाण्यात किमान ८०-८० धागे लागतात. नव्या कापडाच्या इंचभर रुंद पट्टीने ८० पौंडांची ओढ सोसली पाहिजे. वापरात ही ताकद ५६ पौंडांखाली, म्हणजे सत्तर टक्क्यांखाली उतरली की कापड बाद.

सूत उन्हापावसाने लवकर खराब होते, म्हणून बहुतेक मालक आता पॉलिएस्टर चढवतात. आपल्याला वाटेल, कापडच तर बदलले! पण सरकारच्या लेखी हा विमानाच्या मंजूर बनावटीतला बदल आहे. त्याला दोन वाटा आहेत. कापड बनवणाऱ्याने आधीच मिळवलेले ‘सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट’ वापरायचे, किंवा निरीक्षकाकडून त्या एका विमानापुरती ‘फील्ड अप्रूव्हल’ घ्यायची. दोन्हीची नोंद ३३७ नंबरच्या फॉर्मवर होते. एक प्रत मालकाकडे, दुसरी सरकारकडे.

स्वस्तातला माल

एका गिऱ्हाइकाने मंजुरीचा शिक्का नसलेले पॉलिएस्टर स्वस्तात आणले. दिसायला तसेच, हाताला तसेच. दुसरीकडे कोठे तरी ते बसवून घेतले, वर रंग दिला आणि मग निरीक्षकाकडे गेला. निरीक्षकाने विचारले, “कापडावरचा शिक्का कोठे आहे? कोणत्या पुस्तकाप्रमाणे काम केले?” उत्तर नव्हते. गिऱ्हाईक तापले : “शेजारच्या विमानाला असेच कापड आहे, ते पास कसे झाले?” निरीक्षक म्हणाला, “तो कागद त्या विमानाचा. तुमचा दाखवा.” अखेर सारे कापड फाडून काढावे लागले. मजुरी गेली, माल गेला आणि उडण्याचा हंगामही गेला.

मग ते काम आमच्या आप्तांच्या कारखान्यात आले. त्यांनी कात्री लावण्याआधी निरीक्षकाची वेळ घेतली. सोबत सर्टिफिकेटची प्रत, कामाचे पुस्तक, खरेदीची पावती आणि शिक्का असलेला कापडाचा तुकडा नेला. पॉलिएस्टर गरम इस्त्रीने आवळून ताणतात. शेवटचा हात ३५० अंश फॅरनहाइटला. निरीक्षकाने पहिला प्रश्न तोच केला : इस्त्रीचे तापमान कशाने मोजता? फासळ्यांवरच्या टाक्यांचे अंतरही विचारले. दोन हरकती काढल्या, त्या दुरुस्त केल्या, काम पास झाले.

आपल्यासाठी काय?

निरीक्षक सारे सारखे नसतात. फील्ड अप्रूव्हल देणे त्यांना बंधनकारक नाही. एक देतो, दुसरा टाळतो. यात गिऱ्हाइकाची ओढाताण होते, हेही खरे. त्यावर तोड एकच : आवाज न चढवता विचारावे की हरकत कोणत्या नियमाखाली आहे, आणि उत्तर लेखी मागावे. चहापाण्याची वाट धरू नये. विमान आकाशात असताना त्या पाकिटाचा आधार मिळत नाही.

आसनांचे कापड पुरवू पाहणाऱ्या बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे. मोठ्या प्रवासी विमानांतील अशा कापडाची उभी टांगलेली पट्टी १२ सेकंद ज्योतीवर धरतात. ज्योत काढल्यावर ती सरासरी १५ सेकंदांत विझली पाहिजे आणि जळालेली लांबी ८ इंचांपुढे जाता कामा नये. नमुना कितीही देखणा असो, दाखला नसेल तर ठाण परत येते.

आपल्या पेढीवर आपण शब्दावर माल देतो. सरकारी कचेरीत शब्द चालत नाही, कागद चालतो. तो कागद कापड कापण्याआधी हाती असावा, एवढेच आम्ही या हकिकतीवरून शिकलो.