कॉफीचे यंत्र घेताना : धुणार कोण?

दावतीचे जेवण आटोपले की मांडवाच्या एका कोपऱ्यात मुलांची गर्दी जमते. तिथे एक उंच यंत्र वाफेचा फुस्स आवाज करीत दूध फेसाळत असते. कपभर फेस आणि त्यावर चॉकलेटी भुकटीची चिमूट. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, कुठल्याही लग्नात जा, याला सगळे ‘एस्प्रेसो’च म्हणतात. प्रत्यक्षात तो एस्प्रेसो नसतो, वाफेवर तापवलेल्या दुधातली इन्स्टंट कॉफी असते. चवीला छान लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण या नावाच्या घोटाळ्यात आमच्या घरचे नऊ हजार रुपये पाण्यात गेले, म्हणून हा लेख.

आम्ही नालवाडीला राहतो, वर्ध्याला लागून, नागपूर रस्त्यावर. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी एकटी पडू नये म्हणून आमचा धाकटा भाऊ पुण्याहून परत आला आणि घरूनच कंपनीचे काम करू लागला. पुण्यात त्याला कॉफीची सवय लागलेली. रोज असरनंतर तो गाडी काढून कॉफी प्यायला जायचा आणि मगरिब होऊन गेल्यावर परतायचा. अब्बा असताना हीच अम्मीच्या चहाची वेळ असे. ज्याच्यासाठी तो परत आला, नेमकी तीच वेळ बाहेर जात होती. म्हणून आम्हीच सुचवले, घरीच यंत्र घेऊ.

पहिले यंत्र आम्ही फोनवर जाहिरात पाहून मागवले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५ बार’ लिहिलेले. त्यात ग्राइंडर नव्हता. तयार पावडर आणली, ती पंधरा दिवसांत उतरली. चार महिन्यांत वाफेची नळी मलईने तुंबली आणि दुरुस्तीला वर्ध्यात कोणी मिळेना. यंत्र माळ्यावर गेले. अम्मी एवढेच म्हणाली, “लाया सबने, धोया किसीने नहीं.” त्या वाक्याने घरात दोन दिवस अबोला होता. रागाने नव्हे, लाजेने.

दुसऱ्या वेळी आम्ही तीन महिने थांबलो, वाचले, नागपूरला जाऊन यंत्रे चालवून पाहिली. तेव्हा जे कळले ते पुढे देत आहोत.

एस्प्रेसो म्हणजे नेमके काय?

कॉफी आपल्याला परकी नाही. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी कहवा पीत. १५११ मध्ये मक्केत त्यावर बंदी आली आणि पुढे ती उठली. हजहून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात.

एस्प्रेसो मात्र इटलीचा. १८८४ मध्ये तुरिनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले आणि १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक कप काढणारे यंत्र आणले. तत्त्व सोपे आहे. बारीक दळलेली कॉफी दाबून बसवायची आणि तिच्यातून गरम पाणी जोराने ढकलायचे. आजचा सर्वसाधारण हिशेब असा : १८ ग्रॅम पावडर, सुमारे ९३ अंश सेल्सिअसचे पाणी, ९ बार दाब, आणि २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम दाट कॉफी. त्यात फेसाळ दूध घातले की कॅपुचिनो किंवा लाटे.

म्हणजे दाब लागतो ९ बारचा. खोक्यावरचा ‘१५ बार’ ही पंपाची कमाल ताकद असते, कपाची प्रत नव्हे. त्या आकड्याला आम्ही भुललो, तुम्ही भुलू नका.

आधी चक्की पाहा

आपल्या घरांत हे समजावून सांगायची गरज नाही. कोरमा ताज्या वाटलेल्या मसाल्याचा आणि पुडीतल्या मसाल्याचा, फरक डोळे मिटून कळतो. कॉफीचेही तसेच आहे. बी दळल्यावर तिचा सुगंध लवकर उडतो. शिवाय एस्प्रेसोला दळण अगदी नेमके लागते. जाड झाले तर पाणी दहा सेकंदांत वाहून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फार बारीक झाले तर थेंब थेंब पडते आणि कडू होते. म्हणून अंगचाच ग्राइंडर असलेले यंत्र सोयीचे.

मिक्सरसारख्या फिरत्या पात्याचा ग्राइंडर नको. तो बी तोडतो, दळत नाही, त्यामुळे काही कण जाड आणि काही पीठ होतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडली जाते, त्याला बर ग्राइंडर म्हणतात. आपल्या जात्याचाच तो धाकटा भाऊ. दळणाच्या किती पायऱ्या आहेत आणि चकती काढून साफ करता येते का, हे दुकानातच विचारा.

आणखी दोन गोष्टी. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीच्या पावडरीत पुष्कळदा चिकोरी असते. ती बियांच्या डब्यात मुळीच टाकू नये. तसेच तेलाने चकाकणाऱ्या, फार काळ्या भाजलेल्या बिया चक्कीत चिकटतात. मध्यम भाजलेल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घ्याव्यात. चिकमगळूर आणि कोडगूच्या चांगल्या बिया आता घरपोच मिळतात.

चक्कीचा आवाज मोठा असतो, हेही लक्षात असू द्या. सहेरीच्या वेळी शेजारच्या खोलीत बाळ झोपलेले असेल तर दळण रात्रीच काढून ठेवावे लागेल.

दूध आणि वाफ

दूध फेसाळण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, उघडी वाफेची नळी. हात बसायला आठ-पंधरा दिवस लागतात, पण फेस सर्वांत मुलायम येतो. दुसरी, टोपण लावलेली नळी. ती सोपी, पण फेस जाड होतो. तिसरी, दुधाचा डबाच यंत्राला जोडलेला. बटण दाबले की काम होते, मात्र त्या डब्याच्या बारीक नळ्या रोज धुवाव्या लागतात.

आपण दूध उकळून ठेवतो. ते फ्रिजमध्ये पूर्ण गार करून, मलई गाळूनच भांड्यात घ्यावे. आमचे पहिले यंत्र या एका गोष्टीने गेले. फेस दुधातल्या प्रथिनांमुळे टिकतो आणि गोडवा-दाटपणा स्निग्धांशाने येतो. आम्ही गोरस भांडारचे गाईचे दूध वापरतो, त्याचा फेस छान उभा राहतो. म्हशीचे दूधही चालते, कप थोडा जड होतो एवढेच. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवावे, म्हणजे भांड्याला हात लावून ठेवणे कठीण वाटू लागते तेव्हा. त्यापुढे गोडवा जातो. काम झाले की नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी.

हाताचे की बटणाचे?

ग्राइंडरसह यंत्रांचे दोन प्रकार आहेत. अर्धस्वयंचलित यंत्रात दळण, दाबणे, दूध हे आपण करतो. ब्रेव्हिलचे बरिस्ता एक्सप्रेस किंवा डेलॉन्गीचे ला स्पेशालिस्टा या जातीचे. पूर्ण स्वयंचलित यंत्रात बटण दाबले की दळण्यापासून कप भरेपर्यंत सगळे आतल्या आत होते. डेलॉन्गीचे मॅग्निफिका हे त्याचे उदाहरण. ज्या घरी एकच जण हौशी आहे, तिथे पहिला प्रकार शोभतो. ज्या घरी चौघे वेगवेगळ्या वेळी कॉफी घेतात, तिथे दुसरा.

ईदला वीस पाहुणे येतील तेव्हा मात्र यंत्रावर भिस्त ठेवू नका. घरगुती यंत्राला एका दुधाळ कपाला तीन-चार मिनिटे लागतात. त्यात एकच बॉयलर असेल तर कॉफी काढून झाल्यावर वाफ तयार होईपर्यंत थांबावे लागते. ईदला शीरखुर्म्याचे पातेलेच खरे.

पाणी, वीज, दुरुस्ती

विदर्भातल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर सर्वांनी पाहिला आहे. तोच थर या यंत्राच्या आत जमतो. पाणी कमी क्षाराचे हवे, पण अगदी शून्य क्षाराचेही नको. त्याने चव सपाट होते आणि काही यंत्रांच्या टाकीत पाणी आहे हेच यंत्राला कळत नाही. आम्ही आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले नळाचे पाणी मिसळतो आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थर काढण्याचे औषध फिरवतो.

यंत्र १५०० वॅटच्या आसपास वीज ओढते. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. इन्व्हर्टरवर चालवू नये. दिवसाला दहा मिनिटे चालले तर पाव युनिट, म्हणजे बिलाची भीती नाही. भीती दुरुस्तीची आहे. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, माणूस घरी येतो की यंत्र न्यावे लागते, रबरी वॉशर सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा. आम्ही विचारले, उत्तर ‘नागपूर’ आले, आणि तेवढे आम्हाला चालण्यासारखे होते.

हौस की इसराफ?

आम्ही पाहिलेली यंत्रे सत्तर हजारांच्या आसपास होती. शिक्षकाच्या घरी ही रक्कम लहान नाही. म्हणून फळ्यावर मांडतो तसे गणित मांडले. रोज दोन कप, पाच वर्षे, म्हणजे ३,६५० कप. यंत्राचा वाटा कपामागे सुमारे १९ रुपये. पाचशे रुपयांच्या पाव किलो बियांत १३-१४ कप होतात, म्हणजे ३६-३८ रुपये. वर दूध. बाहेरच्या दीडशे-दोनशेच्या कपापेक्षा हे निश्चित स्वस्त. पण तेच यंत्र आठवड्यात एकदा चालले तर पाच वर्षांत २६० कप आणि यंत्राचाच वाटा कपामागे २६९ रुपये. वस्तू तीच, वापर नसेल तर तीच इसराफ.

हप्त्यांबद्दल एक सावधगिरी. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतात त्यात अनेकदा बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्यांनी अटी बारकाईने वाचाव्यात. आम्ही अकरा महिने डब्यात पैसे टाकले आणि रोख घेतले.

ज्यांचे बजेट नाही त्यांनी मन लहान करू नये. दक्षिणी फिल्टर किंवा चुलीवरचा मोका पॉट अगदी थोड्या पैशांत येतो आणि सुरेख कॉफी देतो. हातात लोखंड नाही म्हणून मेहमाननवाजी कमी पडत नाही. आणि प्रमाण सांभाळावे. प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर भगिनींना २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानतात. १८ ग्रॅमच्या एका कपात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन जाते. रमजानच्या आधी पंधरा दिवस हळूहळू कप कमी केले तर पहिल्या रोज्याची डोकेदुखी टळते.

गंमत म्हणजे याच नालवाडीत १९३२ च्या अखेरीस विनोबा राहायला आले आणि सूत कातून पोट भरू लागले. जवळच्या सेवाग्रामच्या गांधीजींनी तर चहा-कॉफी शरीराला गरजेची नाही असे लिहून ठेवले. अशा गावात सत्तर हजारांचे यंत्र ठेवताना आम्ही संकोचलो, हे कबूल करतो. म्हणूनच यंत्र घरात येण्याआधी भिंतीवर एक कागद लावला : ज्याने कप काढला, त्याने नळी पुसायची. रविवारी चक्की साफ करायची. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला पाण्याची टाकी घासायची.

आता दीड वर्ष झाले. असरनंतर भाऊ दोन कप काढतो. अम्मीच्या कपात कॉफी नावापुरती, बाकी दूध आणि फेस, सोबत गोरसपाक. तिला आजही चहाच जास्त आवडतो, ती तसे बोलूनही दाखवते. कप संपला की ती यंत्राकडे पाहते आणि रोजचा प्रश्न विचारते, “आज कौन धोएगा?”

दुकानात जाण्याआधी हा प्रश्न तुमच्याही घरी विचारा. उत्तर देणारा हात वर आला, तरच पाकीट काढा.