पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

परवा शेजारचा मुलगा संध्याकाळी घरी आला. वाळूजच्या एका कारखान्यात त्याला नुकतीच नोकरी लागली आहे. पहिल्या पगाराचे पेढे देऊन झाले, तसा त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर पगाराची चिठ्ठी होती.

"काका, पीएफ कळतो. तो पैसा माझाच आहे. पण हे 'पीटी' म्हणून दोनशे रुपये कापलेत, ते कशाचे? कंपनीत विचारलं तर म्हणाले, सगळ्यांचेच कापतात."

त्याची आजी आमच्याच ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "कापू दे की. कुणाच्या तरी कामाला येतील. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाझर तलावावर माती वाहिली, खडी फोडली. पुढं रोजगार हमीवर बी गेले. त्या पैशावर तुझा बाप जगला."

नातवाला वाटले, आजीने विषय भलतीकडेच नेला. पण म्हातारी अगदी नेमके बोलली होती. त्या दोनशे रुपयांचा आणि तिने वाहिलेल्या मातीचा जवळचा संबंध आहे. आज पगार घेणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

दुष्काळातून आलेला कर

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि रखरखीत उन्हात खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा अजून त्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे पाऊस आला, पण एक प्रश्न उरला. माणसाला काम मिळण्यासाठी दरवेळी दुष्काळच पडायला हवा का?

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच मांडून ठेवले होते. खेड्यात जो कोणी धडधाकट माणूस अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते सरकारने दिले पाहिजे, ही त्यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. हीच आपली रोजगार हमी योजना. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर बेकारभत्ता देण्याचे बंधन त्यात होते. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया. रक्कम क्षुल्लक, पण तत्त्व मोठे. काम न देणे ही सरकारची चूक ठरली आणि तिची भरपाई कायद्यात लिहिली गेली.

हमी द्यायची तर पैसा हवा. तो कुठून आणायचा? त्यासाठीच १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला. नोकरदार, दुकानदार, डॉक्टर, वकील अशा नियमित मिळकत असणाऱ्यांनी थोडे थोडे द्यायचे. जोडीला मोटारवाहनांवरचा आणि विक्रीवरचा जादा कर, बागायती जमिनीवरची खास आकारणी असे इतर झरेही होते. या करांतून जेवढे जमा होईल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम ठरला. शहरातला पगार आणि खेड्यातली मजुरी यांना एका दोरीने बांधणारी ही व्यवस्था होती.

सारे काही गोड झाले असे नाही. खोटी हजेरी, अर्धवट सोडलेले तलाव, थकलेली मजुरी या तक्रारी झाल्या. जमा झालेला सगळा पैसा या कामांवर खर्च होत नाही, ही टीकाही वारंवार झाली आणि ती खोटी नव्हती. तरीही गावोगावचे नालाबांध, पाझर तलाव, रस्ते त्यातून उभे राहिले. १९९० पासून फळबाग लागवडीलाही या योजनेची जोड मिळाली. कामांवर बायांची संख्या मोठी होती. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि १०० दिवसांची हमी १२५ दिवसांवर नेली. योजनांची नावे बदलत गेली, तरी व्यवसाय कर मात्र पगाराच्या चिठ्ठीत अजून आहे.

कोणाला किती?

हे सगळे ऐकल्यावर मुलाचा चेहरा बदलला. मग त्याने व्यवहारातला प्रश्न विचारला, "पण प्रत्येकाला दोनशेच का?"

राज्यघटनेने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. पूर्वी ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून जास्त पगार असलेल्या पुरुषाचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे बरोबर २,५०० रुपये कापले जातात. पगार ७,५०१ ते १०,००० असेल तर दरमहा १७५ आणि त्याहून कमी असेल तर काहीच नाही. नोकरदार स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत हा कर माफ आहे. पासष्ट वर्षे ओलांडलेल्यांना आणि कायद्यात सांगितलेल्या अपंग व्यक्तींना सूट आहे.

नोकरदाराचा कर मालक कापतो आणि सरकारजमा करतो. पण स्वतःचा धंदा असणाऱ्याचे काय? मुलाच्या वडिलांचे मुकुंदवाडीत शिवणकामाचे दुकान आहे. "जीएसटीचा नंबरच नाही, मग आम्हाला कसला कर?" असे ते आजवर म्हणत आले. हा गैरसमज आपल्या बाजारपेठेत घरोघरी आढळतो. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत किंवा सेवेची २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे खरे. पण व्यवसाय कर वेगळा, त्याचा कायदा वेगळा. स्वतः धंदा करणाऱ्याने त्यासाठी आपले नाव नोंदवायचे असते आणि वर्षाचा कर साधारणपणे ३० जूनपर्यंत भरायचा असतो. धंद्याच्या प्रकाराप्रमाणे रक्कम ठरते, पण २,५०० च्या वर जात नाही. दुकानात पगारी माणसे असतील, तर त्यांचा कर कापण्यासाठी मालकाला आणखी एक वेगळी नोंदणी लागते.

नाव नोंदवले नाही तर लगेच कोणी दारात येत नाही. म्हणूनच माणूस गाफील राहतो. पुढे कर्जासाठी, निविदेसाठी किंवा दुकान मुलाच्या नावावर करताना कागद मागितले जातात आणि मागची वर्षे व्याज-दंडासह समोर उभी राहतात. जी रक्कम दरमहा दोन-अडीचशेची होती, ती एकदम हजारांत भरावी लागते.

रिटर्न भरले की योजना बंद?

खरी अडचण पुढेच होती. मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "काका, बाबा रिटर्न भरायला घाबरतात. म्हणतात, एकदा का आयकरात नाव गेलं की आईचे लाडकी बहीणचे पैसे बंद होतील आणि गावाकडच्या काकांचे किसानचेही."

ही भीती आज हजारो घरांत आहे. तिच्यात थोडे खरे आहे आणि बरेच खोटे, म्हणून ती नीट सोडवून पाहायला हवी.

पहिली गोष्ट, विवरणपत्र भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य केला. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. म्हणजे विवरणपत्र भरूनही असंख्य लोकांचा कर शून्यच राहतो. शिवणकामासारख्या छोट्या धंद्याला ढोबळ हिशेबाची सोयही आहे. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, तर रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. नफा खरोखर जास्त असेल तर अर्थात जास्त दाखवावा. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या बरेच खाली असेल, तर विवरणपत्राची सहसा सक्ती नसते. पण कर्ज देताना बँक पहिल्यांदा तेच मागते.

दुसरी गोष्ट, गावाकडच्या काकांची. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान योजना काढून तेवढीच भर घातली. ज्याने मागच्या वर्षी आयकर भरला, तो शेतकरी यात बसत नाही. पण तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. शहरात राहणाऱ्या भावाने विवरणपत्र भरले, म्हणून पैठण तालुक्यातल्या काकांचा हप्ता थांबायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मला जरा अवघड गेले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये ठरले, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, ही अटही ठरली. या कुटुंबात अविवाहित मुलेही मोजली जातात. दुकानाची मिळकत आणि मुलाचा नवा पगार एकत्र केला, तर हे घर ती रेघ ओलांडते. वडिलांनी विवरणपत्र भरले काय किंवा न भरले काय, त्याने यात फरक पडत नाही. म्हणजे ज्या रिटर्नची भीती होती, ते निर्दोष निघाले. अडचण खरी होती, पण ती दुसरीकडेच होती.

मुलगा गप्प झाला. आईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणून पैसे येऊ लागले होते. ते थांबले तर तिला काय वाटेल, हे त्याला कळत होते. "मग मीच दरमहा तिच्या खात्यावर टाकीन," तो म्हणाला. आजीने जुडी बाजूला ठेवली. "तसं कर. पण तिला आधी सांग, मग टाक. न सांगता केलेलं बाईला आवडत नाही." त्या घरात यावर अजून बोलणे चालू आहे. निर्णय त्यांचा आहे. पण आता तो अफवेवर नव्हे, नियम कळून होईल.

हक्काचे मागायचे कसे

एक दार बंद होताना दुसरे उघडेही असू शकते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक कारागिरांत शिंप्याचा समावेश आहे. पात्र ठरल्यास प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. कुटुंबातल्या एकालाच लाभ आणि घरात सरकारी नोकरदार नको, या अटी आहेत. 'उद्यम' नोंदणी आधार आणि पॅनवर मोफत होते. तिच्यासाठी पाचशे-हजार मागणारा माणूस भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. वाळूज-चिकलठाण्याच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना या नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. काम स्वीकारल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणे हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. उशीर झाल्यास व्याजासह दाद मागता येते.

बँकेने ठेवीच्या व्याजातून कर कापला असेल आणि आपला कर शून्य असेल, तर तो पैसा परत मिळतो. पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. मागितल्याशिवाय सरकार देत नाही आणि कागदावर मागितले नाही तर मागणे मोजले जात नाही.

हे आजीला कोणी शिकवले नव्हते, तरी ते तिला पक्के ठाऊक होते. रोजगार हमीवर काम हवे असेल, तर 'नमुना ४' भरून मागणी करावी लागते. "आमच्या गावात बाया तोंडी सांगून यायच्या आणि काम निघायचं नाही," ती म्हणाली. "मग एका मास्तरनं सांगितलं, अर्जाची पोच घ्या. मला लिहिता येत नव्हतं. अंगठा दिला आणि पोच मागितली. साहेब हसला. पण मग आठवड्यात मस्टर निघालं."

मुलाने पगाराची चिठ्ठी पुन्हा उघडली. मी त्याला एवढेच सांगितले, की दर महिन्याची चिठ्ठी जपून ठेव, कापलेला पीएफ खात्यात जमा होतो का ते पाहा आणि येत्या रविवारी बाबांना दुकानाचे कागद घेऊन पाठव.

आजीने निवडलेली मेथी पदरात घेतली आणि उठता उठता नातवाला म्हणाली, "दोनशे गेले म्हणून रडू नको. पण कुठं गेले ते विचारत जा."