डोंगराची नाडी

दोस्तांनो, वैद्य नाडी बघून दुखणं ओळखतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण डोंगराची नाडी कुणी बघितल्याचं ऐकलंय? ज्वालामुखीचे शास्त्रज्ञ जवळपास हेच करतात, बरं का!

फिलिपीन्समधल्या लुझॉन बेटावर पिनाटुबो नावाचा ज्वालामुखी आहे. सुमारे ५०० वर्षं तो गाढ झोपलेला होता. अंगावर दाट रान आणि त्या रानात आएटा लोकांची वस्ती. २ एप्रिल १९९१ रोजी मात्र डोंगरावर अचानक वाफेचे स्फोट झाले. फिलिपीन्सचे शास्त्रज्ञ धावले, मागोमाग अमेरिकेचेही आले.

त्यांनी डोंगराभोवती भूकंपमापक यंत्रं बसवली. कशाला? जमिनीखालचा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, वर सरकू लागला की आजूबाजूचे खडक तडकतात आणि बारीक धक्के बसतात. माणसाला न कळणारे धक्केही यंत्राला कळतात. शिलारसातून सल्फर डायऑक्साइड वायूही सुटतो. १३ मे रोजी तो दिवसाला सुमारे ५०० टन सुटत होता. २८ मेला ५,००० टनांच्या वर गेला!

मग एक विचित्र गोष्ट घडली. जूनच्या सुरुवातीला हा वायू एकदम कमी झाला. म्हणजे डोंगर शांत झाला? छे! कुकरची वाफ कोंडली, तर आतलं पाणी थंड झालं असं आई समजते का? वाट बुजलीय आणि आत दाब वाढतोय, हे ओळखून ती पटकन गॅस बंद करते. डोंगराखालचा गॅस कोण बंद करणार? तिथून निघून जाणं हाच उपाय.

पण घरदार, गुरंढोरं सोडून जा, असं सांगणं सोपं का असतं? इशारा खोटा ठरला तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? आणि उशीर झाला तर? कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुईस फुटला, तेव्हा धोक्याचा नकाशा तयार होता. पण आर्मेरो गाव वेळेत रिकामं झालं नाही. चिखलाच्या लोंढ्यांनी सुमारे २३,००० माणसांचा बळी घेतला.

म्हणून पिनाटुबोला शास्त्रज्ञांनी धोक्याच्या १ ते ५ अशा सोप्या पायऱ्या ठरवल्या. ज्वालामुखी काय करू शकतो, याची फिल्म लोकांना दाखवली. हजारो माणसं बाहेर पडली.

१५ जूनला डोंगर फुटला! नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळही आलं. पावसानं भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली, शेकडो माणसं दगावली. पण निदान ५,००० जणांचे प्राण वाचले, असा अंदाज आहे.

आजही ज्वालामुखीच्या उद्रेकाची तारीख महिनोन् महिने आधी सांगता येत नाही. प्रत्येक डोंगराची नाडी वेगळी! म्हणून ती रोज बघावी लागते, आणि बघणाऱ्याचं वेळेवर ऐकावंही लागतं.

आता नकाशा काढा आणि पिनाटुबो शोधा. हो, अंदमानातलं बॅरन बेटही शोधा. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तिथंच आहे!