मुक्तस्रोत प्रणालीवरचे ऑनलाइन दुकान

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या साधनावर चालणारी, २०११ साली आलेली वूकॉमर्स ही ऑनलाइन दुकानाची प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता व विनामूल्य वापरता येतो. मात्र संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरवरील जागा आणि ग्राहकाचे पैसे खात्यात पोहोचवणारी पेमेंट गेटवे सेवा यांचा खर्च दुकानदारालाच सोसावा लागतो. नवशिक्याची खरी कसोटी मालाच्या नोंदीत लागते. एका कुर्त्याचे तीन आकार व दोन रंग असतील, तर सहाही जोड्यांची किंमत भरावी लागते, कारण किंमत नसलेली जोडी ग्राहकाला विकत घेता येत नाही. आणि शिल्लक नोंदवली नाही, तर संपलेल्या मालाचीही मागणी स्वीकारली जाऊन ग्राहकाचा विश्वास उडतो. दुकान खुले करण्यापूर्वी एक चाचणी खरेदी अखेरपर्यंत अवश्य करून पाहावी.