विश्लेषण : छताची तपासणी पाऊस संपताच का करावी? कुणाकडून आणि कशी?

जून उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत वरच्या मजल्यावरून छायाचित्रे येऊ लागतात. छतावरचा ओला डाग, पंख्याच्या दांडीवरून ठिबकणारे पाणी, खाली मांडलेली बादली. मग धावपळ होते, गच्चीवर निळी ताडपत्री पसरली जाते आणि ‘पावसाळा संपला की कायमचा बंदोबस्त करू’ असे ठरते. प्रत्यक्षात पावसाळा संपला की डाग सुकतो, त्यावर रंगाचा हात फिरतो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो. वास्तविक परतीचा पाऊस सरल्यानंतरचे तीन-चार आठवडे हेच छत तपासून घेण्याचे खरे दिवस. ओलीच्या खुणा ताज्या असतात, दुरुस्तीसाठी कोरडे सात महिने हाताशी असतात आणि कामगारही मोकळे असतात. मे महिन्यात हे तिन्ही मिळत नाही.

डाग जिथे, गळती तिथेच?

बहुतेकदा नाही. राज्यातील बहुसंख्य जुन्या इमारतींच्या गच्चीवर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. हा कोबाच गच्चीला उतार देतो. साधारण मीटरमागे एक सेंटीमीटर उतार असावा, असा बांधकामातील संकेत आहे. कोब्याला तडा गेला की पाणी आत शिरते, स्लॅबच्या पाठीवरून वाट मिळेल तिकडे सरकते आणि जिथे फट सापडेल तिथून खाली उतरते. ही फट म्हणजे अनेकदा विजेच्या तारांची नळी किंवा पंख्याचा हूक. त्यामुळे पाणी हॉलमध्ये पडते, पण शिरलेले असते जिन्याच्या कठड्यापाशी. डागाच्या बरोबर वर गच्चीवर सिमेंटचे ठिगळ लावून काहीच फरक पडत नाही, तो यामुळेच.

नेहमीच्या संशयित जागा ठरलेल्या आहेत. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात गोलाई देऊन केलेला ‘वाटा’, पावसाळी पाइपांची तोंडे, पाण्याच्या टाकीखालचे ओटे, दोन विंगच्या मधला सांधा आणि डिश अँटेनासाठी कोब्यात ठोकलेले बोल्ट. शेवटची जागा छोटी वाटते, पण ज्या गच्चीवर वीस घरांच्या डिश लागल्या, तिथे किमान साठ-ऐंशी भोके पडलेली असतात.

पाणी किती येते, याचाही अंदाज हवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या (सुमारे ९३ चौरस मीटर) गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९३०० लिटर पाणी जमा होते, म्हणजे जवळपास एक टँकर. मुंबईत असे दिवस एकाच मोसमात अनेकदा येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. एवढे पाणी दोन पाइपांतून उतरायचे आणि त्यातला एक कबुतरांच्या पिसांनी तुंबलेला, तर ते स्लॅबमधूनच वाट काढणार.

तपासणारा नेमके काय करतो?

चांगला तपासनीस आधी गच्चीवर जात नाही, घरात येतो आणि प्रश्न विचारतो. पाऊस सुरू होताच गळते की दोन दिवसांनी? पाऊस थांबल्यावर किती वेळ गळत राहते? एप्रिलमध्येही ओल होती का? हा प्रश्न सर्वांत मोलाचा. भर उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल, तर दोष पावसाचा नाही, टाकीचा किंवा पाइपलाइनचा आहे. अशा घरांवर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी लाखो रुपये खर्च झाल्यानंतरही डाग जागच्या जागी राहतो.

मग छताची पाहणी होते. ओलावा मोजणारे छोटे यंत्र भिंतीला लावून कुठे किती ओल आहे, याचा नकाशा तयार होतो. काही ठिकाणी थर्मल कॅमेरा वापरतात. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर निवू लागते, पण पाणी मुरलेला भाग उष्णता जास्त वेळ धरून ठेवतो आणि चित्रात वेगळा दिसतो. हा कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमानातील फरक पाहतो. त्यामुळे एवढ्या एका चित्रावरून गळतीचे निदान करणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

गच्चीवर मात्र साधी हत्यारेच जास्त बोलतात. हातोडीने किंवा लोखंडी सळईने कोबा ठोकत गेले की घट्ट भागाचा आवाज भरीव आणि सुटलेल्या भागाचा पोकळ येतो. बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावते आणि कुठे थांबते, हे पाहिले जाते. त्यानंतर खरी परीक्षा : पाइपांची तोंडे बंद करून, कडेला मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून गच्चीच्या एकेका भागात पाणी साठवायचे आणि २४ ते ४८ तास खालून छताकडे लक्ष ठेवायचे. भाग पाडून केले तर कुठला भाग गळतो, ते नेमके कळते. पाण्यात रंग टाकला तर शंकेला जागा उरत नाही.

पाच सेंटीमीटर खोलीचे पाणी चौरस मीटरला ५० किलो वजन टाकते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ते पाच टन होते. सुस्थितीतल्या स्लॅबला हे जड नाही; वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो अतिरिक्त भार गृहीत धरलेला असतो. पण ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत, त्यावर अभियंत्याने पाहण्याआधी ही चाचणी करू नये.

गळती केव्हा धोकादायक ठरते?

पाणी ठिबकणे हा त्रास आहे. सळईला गंज चढणे हा धोका आहे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि तोच गुण आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. वर्षानुवर्षे पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की हे कवच संपते. किनारपट्टीवर खारी हवा ते काम लवकर करते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दुपटीहून अधिक फुगते, आतून काँक्रीटला फोडते आणि मग गिलाव्यासह पोपडे खाली येतात. छताला एका सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर समांतर तडे दिसत असतील किंवा तांबूस ओघळ उतरलेले असतील, तर रंगाऱ्याला नव्हे, अभियंत्याला बोलवावे.

या टप्प्यावर तपासणी गच्चीची राहत नाही, ती संरचनेची होते. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा टणकपणा मोजतात. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग पाहतात. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक असेल तर काँक्रीट चांगले, तीनपेक्षा कमी असेल तर संशयास्पद मानले जाते. फेनॉल्फथॅलिनचा फवारा ताज्या फोडलेल्या भागावर मारला की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. जिथे रंगच येत नाही, तिथे सळईचे कवच गेलेले असते. हा प्रयोग रहिवाशांना समोर उभे राहून पाहता येतो आणि सोसायटीच्या सभेत दहा पानी अहवालापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या दुर्घटनेत पाचव्या मजल्याचा स्लॅब खालचे स्लॅब तोडत तळमजल्यापर्यंत गेला आणि सात जणांचा मृत्यू झाला. कल्याण पूर्वेत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्याचा स्लॅब असाच कोसळून सहा जण दगावले. त्या मजल्यावर फरशीचे काम सुरू होते. एक स्लॅब पडला की तो एकटा पडत नाही. वरच्या मजल्याची तक्रार म्हणून छताकडे दुर्लक्ष करणाऱ्या खालच्या मजल्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जुन्या कोब्यावर नवा कोबा चालतो का?

सर्वाधिक नुकसान याच सवयीने होते. जुना कोबा फोडणे खर्चाचे, राडारोडा उतरवणे त्याहून कटकटीचे. म्हणून त्यावरच नवा थर चढवला जातो. दहा सेंटीमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला जवळपास २०० किलो भरतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे सुमारे १८ टन होतात आणि ते पावसाच्या पाण्यासारखे ओसरत नाहीत. चाळीस वर्षांच्या काही इमारतींवर असे दोन-तीन थर सापडतात. तपासणी अहवालात कोब्याची एकूण जाडी एक-दोन ठिकाणी भोक पाडून मोजलेली असावी, असा आग्रह धरावा. कंत्राटदार ही मोजणी स्वतःहून क्वचितच करतो.

खर्च कोणाचा? कायदा काय सांगतो?

राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचे असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे झालेल्या इमारतींना नोंदणीकृत संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र बंधनकारक आहे आणि पुढे दर दहा वर्षांनी ते नव्याने द्यावे लागते. राज्यातील इतर महापालिकांच्या कायद्यातही अशी तरतूद आहे.

गच्ची, कठडा आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने होते. ‘गळते तुमच्या घरात, तर पैसे तुम्ही द्या’ हा वरच्या मजल्यावरच्या सभासदाला मिळणारा सल्ला चुकीचा आहे. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून खाली येणारी गळती मात्र संस्थेची नव्हे, संबंधित सभासदांची जबाबदारी. म्हणून तर गळतीचा उगम लेखी नोंदवणारा अहवाल महत्त्वाचा. भांडणाचा निकाल बऱ्याचदा त्याच एका ओळीवर ठरतो.

इमारत नवी असेल तर आणखी एक वाट आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला, तर ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. पाचवा पावसाळा संपला की तपासणी करून घेऊन तक्रार लेखी देणे, हे नव्या सोसायट्यांनी दिनदर्शिकेत लिहून ठेवावे.

‘मोफत तपासणी’ घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण तिला तपासणी समजू नये. मोफत पाहणीचा खर्च कुठल्या तरी दुरुस्तीतून निघायचा असतो, त्यामुळे तिचा निष्कर्ष सहसा संपूर्ण गच्चीच्या कामाकडेच झुकतो. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा असावा, ही पहिली अट. महापालिकेकडे नोंदणी असलेला संरचना अभियंता शुल्क घेतो, पण तोच पुढे कामाचे परिमाण ठरवून देतो आणि सर्व कंत्राटदारांकडून एकाच कामाचे दर मागवता येतात. एरवी एकजण रसायनाचे दोन हात सांगतो, दुसरा पूर्ण कोबा फोडायला सांगतो आणि सभा स्वस्ताच्या बाजूने हात वर करते.

अहवालात गच्चीचा आराखडा, त्यावर खुणा केलेल्या दोषाच्या जागा, छायाचित्रे, केलेल्या चाचण्या आणि गळतीचे कारण असावे. ‘वॉटरप्रूफिंग खराब झाले आहे’ हे कारण नव्हे. दहा वर्षांच्या हमीचा स्टॅम्प पेपरही नीट वाचावा. डिश बसवली किंवा गच्चीवर मंडप घातला तर हमी रद्द, अशी अट त्यात अनेकदा असते.

कौले आणि पत्र्यांचे काय?

कोकणात ही तपासणी नवी नाही. पावसाआधीची शाकारणी म्हणजे तीच. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे पाहायचे आणि पुन्हा लावायची. आता शाकारणी करणारे हात कमी झाले आणि घरे बंद राहू लागली. कौल फुटले तर दोनशे रुपयांत काम होते, आढे वाळवीने पोखरले तर छप्परच जाते. वाशाची टोके भिंतीत जिथे घुसतात, तिथे टोकदार हत्यार खुपसून पाहावे. लाकूड मऊ लागले तर सुताराला बोलवावे.

पत्र्याच्या छपराला गळतीपेक्षा वाऱ्याची भीती जास्त. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये असंख्य घरांचे पत्रे उडवले. तिथे तपासायचे ते हूक, त्यांचे वॉशर आणि कडेची पट्टी. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर मात्र कुणीही थेट चढू नये. तो इशारा न देता फुटतो. फळी टाकून, आधारावरच पाय द्यावा.

सौर पॅनेल बसवण्याआधी काय पाहावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे गच्च्या झपाट्याने भरत आहेत. पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षे धरतात. जुन्या कोब्याचे उरलेले आयुष्य तेवढे असण्याची शक्यता कमी. संच बसल्यावर गळती निघाली तर आधी सांगाडा उतरवण्याचा खर्च, मग दुरुस्ती, मग पुन्हा बसवण्याचा खर्च. सांगाड्याचे पाय कोब्यात बोल्ट ठोकून बसवायचे की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, हे विक्रेत्यावर न सोडता अभियंत्याला विचारावे. ठोकळ्यांचे वजन आणि वाऱ्याचा उचल भार या दोन्हींचा हिशेब त्याच्याकडून लेखी घ्यावा आणि काम सुरू होण्याआधी गच्चीवर एकदा पाणी साठवून पाहावे.