एमकेनॉड : उपकरण-फाइलींविषयीचे काही गैरसमज

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत ‘एमकेनॉड’ हा सिस्टिम कॉल फाइल सिस्टिमवर विशेष प्रकारच्या फाइली तयार करतो. त्याला पाथ, मोड (म्हणजे फाइलचा प्रकार आणि परवानग्या) आणि उपकरणाचा क्रमांक द्यावा लागतो. याच नावाची कमांडही आहे.

हा कॉल उपकरणच ‘तयार’ करतो, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. प्रत्यक्षात तयार होतो तो केवळ एक आयनोड. त्यात मजकूर नसतो. असतात त्या परवानग्या, कॅरेक्टर की ब्लॉक हा प्रकार आणि मेजर व मायनर हे दोन क्रमांक. फाइल उघडली की मेजर क्रमांकावरून कर्नल ड्रायव्हर गाठतो, आणि त्या ड्रायव्हरकडचे नेमके कोणते उपकरण हवे ते मायनर क्रमांक सांगतो. लिनक्सवर डेव्ह डिरेक्टरीतल्या ‘नल’ची तपशीलवार यादी काढली, तर ओळ ‘सी’ या अक्षराने सुरू होते आणि एरवी जिथे फाइलचा आकार छापला जातो तिथे ‘१, ३’ दिसते. ‘एसडीए’ या डिस्कसमोर ‘८, ०’, तिच्या पहिल्या पार्टिशनसमोर ‘८, १’. ज्याला ड्रायव्हरच नाही अशा क्रमांकाचा नोडही हा कॉल निमूट बनवून देतो. एरर येते ती उघडताना. तसेच डिस्कचा नोड पुसला म्हणून डिस्कवरचा एक बाइटही जात नाही.

उपकरण ओळखले जाते ते नावावरून, हा त्याचाच जोडगैरसमज. ‘८, ०’ क्रमांकाचा ब्लॉक नोड कोणत्याही डिरेक्टरीत, कोणत्याही नावाने केला तरी उघडते तीच डिस्क. परवानग्या मात्र ज्या-त्या नोडच्या स्वतंत्र. खरी मेख इथेच आहे. मूळ नोड कितीही बंदिस्त असला, तरी सर्वांना खुला असा दुसरा नोड कोणी करून ठेवला, तर फाइलींवरच्या परवानग्यांना वळसा घालून अख्खी डिस्क कोणालाही वाचता येईल. म्हणून लिनक्समध्ये उपकरणाचा नोड करायला ‘कॅप एमकेनॉड’ ही खास मुभा लागते, आणि पेन ड्राइव्हसारखी परकी माध्यमे ‘नोडेव्ह’ पर्यायाने माउंट करणे शहाणपणाचे ठरते. मग त्यांच्यावरचे उपकरण-नोड उघडतच नाहीत.

यावरून हा कॉल फक्त रूटसाठीच आहे असे मानले जाते. तेही अर्धेच खरे. नेम्ड पाइप, सॉकेट किंवा साधी रिकामी फाइल लिनक्सवर सामान्य वापरकर्ताही याच कॉलने करू शकतो. पॉझिक्स मानकानुसार तर सर्व प्रणालींवर चालेल असा त्याचा वापर एकच : नेम्ड पाइप. डिरेक्टरी मात्र लिनक्सवर याने होत नाही. जुन्या युनिक्समध्ये होत असे. तेव्हा ‘एमकेडिर’ ही रूटच्या अधिकाराने चालणारी कमांड होती आणि आतून एमकेनॉडच वापरत होती. स्वतंत्र सिस्टिम कॉल नंतर आला.

नोड करता आला म्हणजे उपकरण हाती आले, हा समज डॉकरच्या कंटेनरमध्ये लगेच उघडा पडतो. तिथे नेहमीच्या मांडणीत नोड बनवायची मुभा असते, पण डिस्कचा नोड बनवून उघडायला गेले की सीग्रुपचे नियम आडवे येतात आणि परवानगी नाकारली जाते.

दिलेला मोड जसाच्या तसा लागतो, असेही नाही. युमास्कची कात्री त्यालाही लागते. रूटच्या हातून ‘नल’ पुसला जाणे हा जुनाच अपघात. त्यानंतर त्यात आउटपुट वळवले की त्याच नावाची साधी फाइल जन्मते आणि फुगत जाते. ती काढून ‘१, ३’ क्रमांकाचा कॅरेक्टर नोड केला आणि मोड ०६६६ दिला, तरी युमास्क ०२२ असेल तर कॉलच्या हाती ०६४४ उरते. रूटचे काम चालते, बाकीच्यांच्या स्क्रिप्ट मात्र ‘नल’मध्ये लिहिता येत नाही म्हणून अडतात. कमांडचा ‘एम’ पर्याय हा पेच सोडवतो; प्रोग्राममधून कॉल केल्यास पाठोपाठ सीएचमॉड करावे लागते.

प्रत्येक उपकरणासाठी हाताने नोड करावा लागतो, हा समज आता कालबाह्य झाला आहे. आजच्या लिनक्सवर उपकरण सापडताच कर्नलची डेव्हटीएमपीएफएस ही फाइल सिस्टिम नोड उभा करते आणि युडेव्ह त्याच्या परवानग्या व पर्यायी नावे लावते. हाताने एमकेनॉड करण्याची वेळ येते ती मुख्यतः क्रूट, इनिशियल रॅमडिस्क किंवा लहान एम्बेडेड प्रणाली उभी करताना.